काकींचा नापास गुडघा

"परत चाल."

काकींच्या तोंडून मी ऐकलेले हे पहिले शब्द. मी हत्यारांची पिशवी घेऊन आत शिरलो होतो आणि त्या माझ्याकडे पाठ करून स्टुलावर बसल्या होत्या. मला वाटलं, आत येण्यातच आपलं काहीतरी चुकलं. मला नेहमी तसंच वाटतं. मी मुकाट्याने बाहेर गेलो आणि परत आत आलो.

"डाव्या चपलेचा अंगठा सुटत आलाय तुझा," त्या वळून न बघता म्हणाल्या. "शिवून घेऊ नको हां. उद्या ती चप्पल घेऊन ये. भिकाऱ्याला होईल."

"कुठल्या भिकाऱ्याला?"

"सिनेमातल्या."

तुम्ही सिनेमा बघता तेव्हा नायिका अंगणातून चालत जाते आणि तुम्हाला तिची पावलं ऐकू येतात. ती पावलं तिची नसतात. शूटिंगच्या वेळी तिथे जनरेटर घरघरत असतो, पंचवीस माणसं खोकत असतात, त्यामुळे तो आवाज टाकून देतात. मग अंधेरीतल्या एखाद्या बंद खोलीत पडद्यावर चित्र लावतात आणि कुणीतरी माइकसमोर तिच्या पावलाला पाऊल मिळवून चालतं. पदराची सळसळ, बांगड्या, किल्ल्या, कानाखाली बसलेली चपराक, सगळं असं मागाहून हाताने घडवतात. काकी ते करायच्या. लोकांना वाटायचं सिनेमात काम करतात म्हणजे आईबिईचं काम करत असतील. "आईचं पण करते," काकी म्हणायच्या, "घोड्याचं पण करते."

"परत चाल" हे त्या सगळ्यांनाच म्हणायच्या. गॅस सिलेंडरवाल्याला, बँकेच्या माणसाला. कांदिवलीला त्यांच्या भाचीला बघायला मुलगा आला, तेव्हा त्यालाही त्यांनी हॉलमधून गॅलरीपर्यंत दोनदा चालवला होता. "टाच घाईत टेकत नाय. देऊन टाका," असा निकाल दिला. भाची सुखात आहे.

मला बोलावलं होतं दार दुरुस्त करायला. इंडस्ट्रियल इस्टेटमधला गाळा, बाजूला डबे छापायचा कारखाना. आत जाड गाद्यांच्या भिंती, आणि खोलीच्या मधोमध चौकटीसकट एक दार उभं. इकडे भिंत नाही, तिकडे भिंत नाही. मी ते उघडलं, लावलं. लोण्यासारखं फिरत होतं.

"बिघाड काय आहे?" मी विचारलं.

"कुरकुरत नाय."

मी दार परत लावून बघितलं.

"पावसात फुगलं, उन्हात सुकलं, आणि आवाज गेला मेल्याचा. काय सुंदर रडायचं."

मी पिशवी उघडली तर वर तेलाची कुपी होती. ती बघून काकी अशा मागे सरकल्या, जणू मी नाग काढलाय. "ही आत आणायची नाय. वॉचमनकडे ठेवून ये. इथे सगळ्यांनी कुरकुरायचंच असतं."

मी बिजागरी काढली, खिळा जरासा वाकवला, चिमूटभर वाळू घातली. दुपारपर्यंत दार गळा काढू लागलं. काकींनी डोळे मिटून ते तीन वेळा उघडायला लावलं. पहिल्यांदा म्हणाल्या, "हा वाण्याच्या दुकानाचा." दुसऱ्यांदा, "हा भुताचा, नको." तिसऱ्यांदा मी जरा अडखळत ओढलं, तर हळू आवाजात म्हणाल्या, "हां. ही बाई नवऱ्याला सोडून चाललीय. पण परत येणार."

त्या दिवसापासून मी त्यांचा मिस्त्री.

मी वाशीमकडचा. आठवीत शाळा सुटली, वडिलांच्या हाताखाली रंधा धरला, आणि पुढे फर्निचरच्या कामासाठी मुंबईला आलो. इथे हळूहळू लोक तयार कपाटं मागवायला लागले. ती खोक्यातून येतात आणि खोक्याबरोबर स्क्रू लावणारा माणूसही येतो. उद्या येऊ नको, असं कोण कधी म्हणेल याची भीती कायम असायची. अजूनही असते, तिला आता कारण लागत नाही. काकींकडे मात्र काम संपायचं नाही. करकरणारी बाज, डुगडुगणारं टेबल, लाकडाची, फरशीची, मातीची, खडीची अशी चालायची चौकोनी अंगणं. नीट काम करून पोट भरत नव्हतं, ते बिघडवून भरायला लागलं.

वडिलांनी फोनवर विचारलं, "सध्या काय काम सुरू हाय?"

"दारं कुरकुरवतो."

पलीकडे रंधा चालू होता तो थांबला. मग म्हणाले, "जेवतो ना बाप्पा टायमावर?"

जेवायचो. फार चांगलं जेवायचो. स्टुडिओत काय शिजणार हे सिनेमावर ठरायचं. मारामारी असली की कोबी, कारण काकी बुक्के कोबीवर मारायच्या. हाडं मोडायची असली की शेवगा. ताजी शेंग कानाजवळ धरून मोडली की अंगावर काटा येतो, करून बघा. काकी भाजीवाल्याकडे शेंगा निवडायच्या त्या कानाने. तो वैतागायचा. "काकी, घ्यायच्या तर घ्या, ऐकत काय बसता?" काकी त्याला म्हणायच्या, "तुझ्या कालच्या शेंगांनी माझा व्हिलन मेलाच नाय."

मेलेल्यांची आमटी मग आम्ही खायचो. उरलेला कोबी आमचा रेकॉर्डिस्ट घरी न्यायचा. त्याला सगळे मुलुंडवाला म्हणत. पन्नाशीचा, टक्कल पडलेला, कानावर कायम हेडफोन, बोलायचं काम एका बोटाने करणारा. त्याच्या बायकोने एकदा फोन करून काकींना विचारलं होतं, "तुमच्याकडे हल्ली प्रेमकथा नाही का हो येत?"

"येते गो. पण तिच्यात भाजी निघत नाय. नुसत्या ओढण्या."

काकींना नटनट्यांची तोंडं ओळखू येत नसत. त्यांच्या लेखी माणूस म्हणजे पायताण. भिंतभर फळ्या मीच ठोकल्या होत्या, त्यांवर चपला, बूट, सँडल, वहाणा. "मिस्त्री, इन्स्पेक्टरला खाली काढ. हिरोची आई कुठे गेली? बघ, त्या सावकाराच्या मागे पडली असेल."

एकदा एक मोठी नायिका डबिंगला शेजारच्या खोलीत आली होती. बरीच वर्षं तिची पावलं काकीच चालत होत्या. पॅसेजमधून कुणीतरी येताना ऐकू आलं तसं काकींनी नाक मुरडलं. "ही कोण फरपटत येतेय? पायात जीव नाय बाईच्या."

तीच होती. आत आली आणि वाकून काकींच्या पायांना हात लावला. आम्ही सगळे उभे. काकी ओशाळल्या. मग म्हणाल्या, "अगो, लाव, लाव. तुझेच आहेत."

नायिका हसली, आम्हीही हसलो. काकी हसल्या नाहीत. त्या खरंच तसं समजत होत्या.

मग तो सिनेमा आला.

त्यातली बाई विशीत सुरू होते आणि सत्तरीत संपते. मधलं सगळं आयुष्य ती कुठे ना कुठे चालतच असते. अनवाणी, सँडलवर, ऑफिसच्या चपलांत, शेवटी काठी घेऊन. काकी चित्र बघून आल्या. संध्याकाळी चहा घेताना मला म्हणाल्या, "मिस्त्री, आजवर मी तुकड्यांत चालले रे. कुणाची वरात, कुणाची पळापळ. आख्खी बाई पहिल्यांदा मिळाली. हिला शेवटपर्यंत नेऊन सोडते, मग कापू दे डॉक्टरला काय कापायचं ते."

कापायचं म्हणजे गुडघा. तो दुखतो हे आम्हाला ठाऊक होतं. तो बोलतो हे पहिल्या दिवशी कळलं.

पडद्यावर वीस वर्षांची पोरगी नव्या सँडलवर नाचत नाचत बागेतून चाललेली. काकी माइकसमोर तिच्याबरोबर. टक टक टक, टक टक, आणि मधेच काहीतरी मोडल्यासारखं, कट.

मुलुंडवाल्याचं बोट वर गेलं. थांबा.

परत. टक टक टक, कट.

फळी मी बसवली होती. मी धावत जाऊन ती उपटली, खालचा पत्रा बघितला, खिळे बघितले. स्टूल बाहेर नेऊन ठेवलं. मग माझं घड्याळ काढलं. परत, कट. मी दुसरी फळी उपटायला बसलो तेव्हा काकी म्हणाल्या, "उगाच घर खणू नको रे. मी आहे ती. माझा गुडघा."

त्या माइकला शेजारच्या माणसाच्या पोटातलं ऐकू येतं. विशीतल्या पोरीच्या पावलांत तो गुडघा असा वाजायचा, जणू कुणीतरी सुपारी फोडतंय. त्यावर आम्ही गोधडी गुंडाळून बघितली. तर गोधडीत कुणी खाकरल्यासारखा आवाज यायला लागला. मुलुंडवाला रेकॉर्डिंगमधल्या कटकटी तांदळातल्या खड्यांसारख्या एकेक वेचून काढायचा, पण दुसऱ्या दिवशी तेवढ्याच नव्या. एक दिवस सँडल मला चढवायला लावले. माझ्या पायांना ते होईनात म्हणून मागून दोरीने बांधले. मी जीव मुठीत धरून चाललो. काकींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मिस्त्री, ही प्रियकराला भेटायला चाललीय. तू कडी बसवायला चाललायस."

त्यातच स्टुडिओचे मालक येऊन सांगून गेले. माणूस वाईट नव्हता, पण दिलेली तारीख पाळायची होती. आणखी चार दिवस बघू, नाहीतर हे काम दुसऱ्या स्टुडिओत द्यावं लागेल, तिथे एक तरुण मुलगी आहे. काकींनी मान डोलावली. नंतर कितीतरी वेळ त्या हातातले सँडल उगाच पुसत बसल्या.

मुलुंडवाला त्यांना त्याच्या ओळखीच्या डॉक्टरकडे घेऊन गेला, मीही बरोबर होतो. डॉक्टरांनी गुडघा वाकवला. कट.

"परत वाकवा," काकी म्हणाल्या.

डॉक्टरांनी वाकवला. "दुखतंय?"

"मरणाचं. पण आवाज बघा काय स्वच्छ आहे."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. ऑपरेशन लागेल, तोवर या पायावर भार टाकायचा नाही, असं ते म्हणाले. भार पडला की वाजणार.

भार टाकायचा नाही. मी खोलीवर आलो तरी हेच डोक्यात. आमच्या गावात पोर उभं राहायला लागलं की त्याचे आईबाप माझ्या वडिलांकडे यायचे, पांगुळगाड्यासाठी. तीन चाकं, वर धरायला दांडी. पोर दांडीवर रेलतं, भार गाड्यावर जातो, पाय मोकळे राहतात. अर्ध्या गावाला माझ्या वडिलांनी असं चालायला शिकवलंय.

मी जुन्या चौकटींच्या लाकडाचा मोठा पांगुळगाडा केला, काकींच्या छातीइतका उंच. चाकांवर सायकलच्या ट्यूबचं रबर ताणून बसवलं. सकाळी तो टेम्पोतून उतरवताना वॉचमनने विचारलं, "किसका बच्चा है इतना बडा?"

काकींनी तो सगळ्या बाजूंनी हात लावून बघितला. मला वाटलं, आता चिडणार. एवढ्या वयाच्या बाईला पांगुळगाडा. त्यांनी दांडी धरली, दोन पावलं टाकली. गुडघा गप्प होता, पण गाडा कुरकुरला, आणि कसा कुरकुरला, जन्मजात.

माझ्या हाताला सवयच तशी लागली होती. इतके दिवस मी काहीही केलं की ते बोलायचंच.

"झकास आहे," काकी म्हणाल्या. "पण आज नको." मग जरा थांबून म्हणाल्या, "जा. वॉचमनकडनं तुझी कुपी घेऊन ये."

कुपीवर धूळ बसली होती. मी ती शर्टाला पुसून आत आणली. चाकांत, सांध्यांत, दांडीच्या बेचक्यात थेंब थेंब सोडलं. काकी शेजारी उभ्या राहून ऐकत होत्या. दुपारनंतर गाडा गप्प झाला.

त्यानंतरचे दिवस बघायला तुम्ही हवे होतात. पडद्यावर वीस वर्षांची पोरगी मैत्रिणींबरोबर पळतेय, आणि इकडे नऊवारीच्या काठाखाली उंच टाचांचे सँडल घातलेल्या काकी पांगुळगाड्यात दुडक्या चालीने तीन पावलं पुढे, तीन मागे. जागच्या जागी पाय आपटणं त्यांना मान्य नव्हतं, "त्याला चालणं नाय, रांगेत उभं राहणं म्हणतात." मी पुढे उकिडवा बसून गाडा धरायचो. जिना म्हणजे आमच्याकडे एकच लाकडी पायरी; तीच चढायची, तीच उतरायची. पोरगी गच्चीवर प्रियकराला भेटायला जाते तो जिना काकी दिवसभर चढत होत्या. घामाने चेहरा निथळत होता आणि पाय मात्र असे हलके पडत होते की मीच एकदा वर बघितलं, कोण आलंय ते.

मालक चौथ्या दिवशी बघायला आले. दारात उभे राहिले. पांगुळगाडा बघितला, काकींना बघितलं, मला बघितलं. मग चपला काढून हातात घेतल्या आणि आवाज न करता परत गेले. काम आमच्याकडेच राहिलं.

म्हातारपणाचा भाग आला तेव्हा काकींनी गाडा बाजूला सारला. "आता वाज म्हणावं मेल्याला. आता त्याचंच राज्य." शेवटच्या प्रसंगात ती बाई रिकाम्या घरात जमिनीवरून उठते. काकींनी खाली बसकण मारली, पडद्याकडे बघितलं, आणि माझा हात न घेता उठल्या.

कट.

असा गुडघा मी पुन्हा ऐकला नाही. मुलुंडवाल्याने हेडफोन काढून डोळे पुसले. काकी भिंतीला धरून उभ्या होत्या आणि हसत होत्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा स्वतःचा असा आवाज सिनेमात जाणार होता.

दिग्दर्शक ऐकायला आला. भला माणूस, दाढीत बोटं घालून विचार करायचा. सगळं ऐकलं, विशीची पावलं ऐकून म्हणाला, "काकी, कमाल." मग शेवटचा प्रसंग लागला. तो दाढीत बोटं घालून बसला.

"हे जरा... खोटं वाटतंय का? गुडघा असा नाही वाजत. एकदा शेंग मोडून बघायची?"

मुलुंडवाल्याचं बोट अर्धं वर आलं आणि तसंच राहिलं. मी काकींकडे बघितलं.

"चल, बघू की," काकी म्हणाल्या आणि टोपलीतून एक शेंग घेतली. कानाशी धरून हलवली, ठेवली, दुसरी घेतली. पडद्यावरची बाई उठली. काकींनी शेंग मोडली.

"येस," दिग्दर्शक म्हणाला. "हे बघा. हे खरं."

त्या दिवशी आमटी फार चांगली झाली होती. काकींनी दोनदा घेतली. शेंग चोखून ताटाच्या कडेला ठेवत म्हणाल्या, "नापास झाला रे माझा गुडघा." आणि मग एकदम हसू फुटून त्यांना ठसका लागला. "शेवग्यापुढे नापास."

आम्हीही हसलो. मुलुंडवाला जरा उशिरा हसला.

नंतर ऑपरेशन झालं. मी भेटायला गेलो तर त्यांनी पाय वाकवून दाखवला. "ऐक." मी कान दिला. काहीच नाही. "मुका बसवलाय. तू पहिल्या दिवशी आलास तेव्हाच्या दारासारखा." पुढे त्या कुडाळजवळ भावाच्या घरी राहायला गेल्या. फोनवर म्हणायच्या, इथली दारं आपोआप कुरकुरतात, मिस्त्री, फुकटात. गेल्या पावसाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि काकी गेल्या. आम्हाला दोन दिवसांनी कळलं.

पांगुळगाडा माझ्याकडे आहे. स्टुडिओत आता ती तरुण मुलगी येते, चांगली आहे. दारं अजून मीच बिघडवतो. कुपी पुन्हा वॉचमनकडे गेली.

परवा दुपारी बायकोच्या मोबाइलवर तो सिनेमा लागला होता. मी शेवटाची वाट बघत होतो. शेवट आला, म्हातारी उठली, शेंग मोडली. बायको म्हणाली, "आई गं, बिचारीचा गुडघा."

माझं लक्ष तिकडे नव्हतं. खूप आधी, ती पोरगी गच्चीचा जिना चढत होती तिथे, मला काहीतरी ऐकू आलं होतं. मी मागे जाऊन परत लावलं. टक टक टक टक, आणि वरच्या पायरीआधी, अगदी बारीक, कट.

मुलुंडवाल्याला फोन केला. म्हटलं, "एक राहून गेली तुमच्याकडून."

"कसली? मी सगळ्या काढल्या होत्या." मग म्हणाला, "जिन्यावरची ना?"

आणि फोन ठेवला.

वीस वर्षांची पोरगी आहे. केसांत गजरा, नवे सँडल, वर प्रियकर वाट बघतोय. मी मोबाइल कानाशी धरतो. ती वर पोचली की काचेवर बोट ठेवून तिला मागे ओढतो, पार जिन्याच्या तळाशी आणून उभी करतो.

परत चाल.